जेवता हात

श्रद्धाने आणखी एक छर्रा झाडला आणि रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहिले. भोक पुन्हा डावीकडेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कडावच्या त्यांच्या शेतात भात कापून झाला होता. बांधाला वाळूची पोती रचून त्यांवर निशाणाचा कागद लावला होता. ती पालथी पडलेली, एअर रायफल उशीवर टेकवलेली. तिचे वडील धाकलू तिच्या शेजारी उकिडवे बसून दुर्बिणीच्या बाजूची चकती फिरवून देत होते. नेम धरताना रायफलला टेकवलेला गाल हलवायचा नव्हता, म्हणून ते काम त्यांच्याकडे.

परवा कर्जतला जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड होती. जुनी दुर्बीण आतून धुरकटून निकामी झालेली. ही नवी शिळफाट्याच्या खलीलचाचांनी पारखायला दिली होती. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचे, नाहीतर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार आणि श्रद्धा निवडीच्या दिवशी घरी बसणार.

“बाबा, जेवत्या हाताला फिरवा म्हटलं ना मी?”

“फिरवली की गं. टिकटिक मोजून.”

जेवता हात म्हणजे उजवा. चकतीवरची इंग्रजी अक्षरे धाकलूंना वाचता येत नसत, म्हणून श्रद्धा घरातल्यासारखेच बोलत होती.

“मग ही सटवी डावीकडं का पळते? आणि तो हात आधी खिशातनं काढा! बाजारात फिरायला आलाय का?”

धाकलूंचा हात खिशातच राहिला.

तिने आणखी दोनदा चकती फिरवायला लावली. प्रत्येक वेळी भोक तेवढ्याच अंतराने आणखी डावीकडे सरकले. आता मात्र तिचा तोल सुटला. तिने फोन लावला.

“चाचा, काय माल गळ्यात मारलाय! उजवीकडं वळवली की डावीकडं जाते. घेऊन जा परत!”

“बेटा, मी स्वतः बघून दिली होती,” खलीलचाचा दुखावल्या आवाजात म्हणाले.

“मग डोळे तपासून घ्या!”

तिने फोन आपटल्यासारखा ठेवला. धाकलूंनी डबा उघडला आणि भाताचा घास उचलला. डाव्या हाताने. अर्धी शिते मांडीवर सांडली.

श्रद्धा बघतच राहिली.

“बाबा, डाव्या हातानं?”

“आता हाच जेवता हात हाय.” त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. बोटे वाकडी, ताठरलेली. “गेल्या कापणीपासनं मिटत नाय. घरी तुझी आय कालवून देते.”

“मला कोणी सांगितलं का नाय?”

“तू पनवेलच्या कामावरनं येतेस तवर आमची जेवणं झालेली असतात गं.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला जास्त झोंबले. तिने निशाणाकडे पाहिले. सगळी भोके सारख्या अंतरावर, एका रेषेत. बाबांनी आपल्या जेवत्या हाताला, डावीकडे चकती वळवली होती आणि दुर्बीण तिकडेच गेली होती.

फोन वाजला.

“बेटा, मी निघतोय घ्यायला.”

“नको चाचा. दुर्बीण चोख हाय. माझंच चुकलं. माफ करा.”

“चुकलं काय पण?”

तिने फोन बाजूला ठेवला, डबा पुढे ओढला आणि त्यांना कालवून द्यायला भातात बोटे घातली.

“अगं, हात धू आधी,” धाकलू म्हणाले. “छर्ऱ्यांचं शिसं लागलंय त्याला.”