माठाखालची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. निदान जन्म तरी दारासाठी झाला होता. आयुष्य बहुतेक माठाखाली गेलं.

नाशिकला मखमलाबाद रस्त्याला खंडेरावांचं घर आहे. खंडेराव फुलांचे शेतकरी. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पहाटे टोपल्या भरायच्या आणि फूलबाजार गाठायचा, यात त्यांचं वय गेलं. त्यांच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात १९९४ साली माझा जन्म झाला. मला घडवलं त्यांच्या सुनेनं, सुवर्णानं. ती चांदवडची. चित्रकलेचं शिक्षण घेतलेली, पुढे मातीकामात रमलेली. माहेरच्या दोन बांगड्या मोडून तिनं विजेची एक लहानशी भट्टी घेतली होती आणि त्या व्हरांड्यात कप, बरण्या, दिवे करून विकायला सुरुवात केली होती.

तिनं मला लाटण्यानं लाटलं. ते लाटणं मातीसाठी वेगळं ठेवलेलं होतं, तरी सासूबाई, ठमाबाई, येता-जाता स्वयंपाकघरातलं लाटणं जागेवर आहे ना, ते बघून जायच्या. मग सुवर्णानं एकेक अक्षर कापून माझ्या अंगावर बसवलं. शेवटी पेन्सिलीच्या टोकानं दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडलं. भोकं ओल्या मातीतच पाडावी लागतात. भाजल्यावर पाडायला गेलं तर पाटी फुटते. म्हणजे भट्टीत जाण्याआधीच माझं ठरलं होतं. मला भिंतीवर जायचं होतं.

भट्टीतून निघाले तेव्हा माझा रंग हिवाळ्यातल्या गंगापूर धरणाच्या पाण्यासारखा हिरवट निळा होता. अंगावर पांढरी अक्षरं होती: 'सुवर्णा. मातीकाम. बेल वाजवावी.'

तिनं मला पदरानं पुसलं आणि संध्याकाळी सगळे चहाला बसले तेव्हा पुढ्यात ठेवलं. तिचा नवरा ज्ञानेश सातपूरच्या एका कारखान्यात होता. तो नुकताच आला होता. त्यानं मला हातात घेतलं, वजन बघितलं, छान झालीय म्हणाला.

ठमाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, काय काय लिहिलंय. मग म्हणाल्या, "आडनाव कुठंय? नवऱ्याचं नाव कुठंय? नुसतं बाईचं नाव दारावर लावल्यावर लोक काय समजतील?"

खंडेराव चिडले नाहीत. ते चिडायचे नाहीत, तीच अडचण होती. हसत म्हणाले, "पोरी, धंदा बाजारात असतो. घराला कशाला पाटी? मी इतकी वर्सं फुलं इकतो, दारावर फुलवाला लिवलंय का?" शिवाय पाटी दिसली की लाइटवाले घराचा मीटर धंद्याच्या दरात टाकतात, असं त्यांना कुणीतरी बाजारात सांगितलेलं होतं. दारावर एक पाटी होतीच, पितळेची, त्यांच्या नावाची. ती पुरेशी होती.

ज्ञानेश मध्यममार्गी माणूस. "लावू," तो म्हणाला. "घराला रंग देऊन झाला की लावू."

खोटं सांगत नाही, तो दुसऱ्याच दिवशी स्क्रूची पुडी घेऊन आला. ती टीव्हीखालच्या खणात ठेवली. मी आणि ती पुडी, दोघी वाट बघत राहिलो.

रंग झाला. मग नव्या रंगाला भोक कशाला पाडायचं, असं झालं. मग पितृपक्ष लागला. मग रस्ता रुंद होणार, कुंपणाची भिंत मागे घ्यावी लागणार, अशी बातमी आली. तेवढ्यात माठाच्या तिवईचा पाय मोडला. ठमाबाईंना माठाखाली काहीतरी सपाट आणि जड हवं होतं. कपाटाशी टेकून मी उभी होतेच.

तोंड जमिनीकडे करून मला ठेवलं गेलं. वर माठ. आम्ही दोघं एका मातीचे, पण त्याला रोज ताजं पाणी, वर झाकण, झाकणावर फुलपात्र. पाहुणे म्हणायचे, काय गार पाणी आहे हो. माझ्या पाठीवरून ओघळ यायचा आणि अक्षरांत शेवाळ धरायचं.

दिसत काही नव्हतं, पण स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू यायचं. बाईमाणूस घरात बसून काम करतं म्हणजे काय, ते मी तिथं ऐकलं.

समोरच्या सुमनबाई किल्ली ठेवायला यायच्या. "तू घरीच असतेस ना." कुणाचा सिलिंडर यायचा, कुणाचं पोर शाळेतून लवकर सुटायचं, कुणाकडे रंगारी येणार असायचा. प्रत्येक वेळी तेच वाक्य. सुवर्णाचे हात कोपरापर्यंत मातीत असायचे. ती हात धुऊन दार उघडायची, परत जाईपर्यंत कपाची कड वाळलेली असायची. कड वाळली की कान नीट चिकटत नाही. भट्टीत तो कान सुटतो आणि मग कुणी विचारत नाही की सिलिंडर कुणाचा होता.

संक्रांत आली की बायका वाणाला काहीतरी स्वस्तातलं मागायला यायच्या. माती तर फुकट असते, म्हणायच्या, आणि हातानंच तर करता तुम्ही. नात्यातल्या लग्नांत तर विचारायची पद्धतच नव्हती. "आपल्या घरचंच आहे," असं म्हणत ठमाबाई तिच्या फळीवरची बरणी उचलून द्यायच्या. त्याच ठमाबाई पाहुण्यांना सांगायच्या, सून दिवसभर घरातच असते, काय करते कोण जाणे.

सुवर्णा भांडत नसे. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. ती फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

मग एकदा दिवाळीच्या आधी मुंबईची एक बाई आली. आली म्हणजे गल्लीपर्यंत आली. तिनं प्रदर्शनात सुवर्णाचे कप पाहिले होते. त्र्यंबकच्या रस्त्याला तिचं राहण्या-जेवणाचं ठिकाण सुरू होत होतं, आणि तिथली सगळी भांडी तिला अशीच, एका हातची हवी होती. दरवर्षीचं काम. फोनवर बोलणं झालं होतं. त्या भरवशावर सुवर्णानं परसात पत्र्याची शेड घालायचं ठरवलं होतं. स्वतःचं दार असलेली जागा, जिथं कुणी किल्ली ठेवायला येणार नाही. मुलीला, वेदिकाला, ती त्या शेडचं चित्र काढून दाखवत होती.

त्या दिवशी सुवर्णानं सकाळीच स्वयंपाक उरकला. व्हरांड्यात फळीवर कप मांडले. वाट बघितली. बेल वाजली नाही.

बाई गल्लीत गाडी लावून सुवर्णा कुठं राहते म्हणून विचारत हिंडत होती. सुमनबाईंनाच विचारलं. सुमनबाई वाईट नाहीत. त्यांनी खरोखर आठवून बघितलं आणि सांगितलं, "सुवर्णा? अशी इथं कुणी नाही हो." त्यांच्या लेखी ती वेदिकाची आई होती. बाकीच्यांच्या लेखी खंडेरावांची सून. बाईनं घरी फोनही लावला होता. तो ठमाबाईंनी घेतला आणि ती कामात आहे, संध्याकाळी करा, म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी पाहुणे येणार होते, पुरणाचा घाट घालायचा होता, तेव्हा सून कामातच आहे, असं त्यांना वाटलं.

आठवड्यानं कळलं, काम दुसरीकडे गेलं.

सुवर्णा त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. तिनं माठ उचलून ओट्यावर ठेवला आणि मला बाहेर काढलं. ब्रशनं शेवाळ घासलं. मग ताटं मांडली होती त्यांच्या मधोमध मला ठेवलं, तोंड वर करून. वेदिकानं हळूच वाचलं, बेल वाजवावी.

"गल्लीत मला नाव नाही," सुवर्णा म्हणाली. "बाई दारापर्यंत येऊन परत गेली."

खंडेराव म्हणाले, "माझं नाव सांगायचं ना तिला. खंडेराव म्हनलं की पोरंसोरं आनून सोडत्यात."

"मामा, ती तुमच्याकडे नव्हती आली."

ज्ञानेशनं घाईनं मध्ये पडून सांगितलं, या दिवाळीला नक्की. उद्याच ड्रिल आणतो. ताटं वाढली गेली. ओट्यावरचा माठ कलत होता, पाणी फरशीवर सांडायला लागलं. ठमाबाई फडकं शोधायला लागल्या. सुवर्णानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं मला पुन्हा कोपऱ्यात ठेवलं, पालथं. वर माठ ठेवला. तो हलला नाही.

मला राग कुणाचा येतो म्हणाल तर त्या क्षणाचा येतो.

पुढची वर्षं भारनियमनाची. दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. भट्टी अर्ध्यात विझली की वरचा चकाकता लेप फोडासारखा फुगतो, सगळा माल वाया. एकदा महिन्याभराचं काम असं गेलं. ज्ञानेशनं समजूत घातली, अगं छंद आहे, इतकं मनाला काय लावून घेतेस. तो प्रेमानंच म्हणाला होता.

"छंद सुट्टीत करतात," ती म्हणाली. "मला सुट्टी कधी असते, सांग."

टीव्हीखालचा खण उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

२००८च्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. दुखणं पोटात होतं आणि उशिरा कळलं. दवाखान्यातून दोनदा परत आली, तेव्हा व्हरांड्यात जाऊन बसायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेले कप दाबून बघायची. तिसऱ्यांदा आली नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही. मी माठाखाली होते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ठमाबाईंनी घर धुवायला माठ हलवला. मला उताणं केलं आणि तशाच खाली बसल्या. बराच वेळ पदराचं टोक ओलं करून माझी अक्षरं पुसत राहिल्या. वाचता येत नसताना.

ज्ञानेश खणातली पुडी घेऊन आला. स्क्रू गंजले होते. त्याच्या हातून एकही बसेना. तेव्हा खंडेरावांनी त्याच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मला दाराशेजारी, पितळी पाटीच्या खाली लावलं. मीटरचं कुणी काही बोललं नाही. भिंतीला भोक पाडायला चहा निवायला लागतो तितकाही वेळ लागला नाही.

मी भिंतीवर गेले. उजेड बघितला. गल्ली बघितली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेरावांनी माझ्यावर हार घातला.

शेतातल्या शेवंतीचा, भरघोस, आपल्या हातानं ओवलेला. रोज ताजा. बाजाराला जाण्याआधी माझा हार. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. पण तो हार असा पडायचा की 'सुवर्णा' झाकलं जायचं आणि 'मातीकाम'ही. खाली फक्त 'बेल वाजवावी' उरायचं. पुन्हा मी कुणाच्या तरी खालीच होते. या वेळी फुलांच्या.

काही महिने असे गेले. मग एके सकाळी लासलगावच्या एक शिक्षिका आल्या. त्यांच्याकडचा सुवर्णाचा कप फुटला होता. तसाच दुसरा हवा म्हणून रंग दाखवायला तुकडे रुमालात बांधून आणले होते. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हार बघितला. कुणाच्या तरी दुःखाचं घर दिसतंय, उगाच कशाला बेल, असं त्यांना वाटलं असावं. त्या मागे वळल्या आणि सुमनबाईंच्या फाटकाशी जाऊन विचारलं, सुवर्णा इथं कुठं राहतात?

सुमनबाई जागच्या जागी थांबल्या. मग म्हणाल्या, "तिच्याच दारात उभ्या होतात तुम्ही, बाई. नाव हाराखाली आहे."

खंडेराव दारापुढच्या ओट्यावर सुतळी वळत बसले होते. त्यांनी ऐकलं. उठले, माझ्यापाशी आले आणि हार वर उचलला. तसाच हातात धरून उभे राहिले.

शिक्षिका परत आल्या. त्यांनी वाचलं. "आहेत का त्या?"

"नाय," खंडेराव म्हणाले. "पन घर हेच."

त्यांनी त्या बाईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं. रुमाल सोडून बघितला. कपाचा कान सबंध होता. त्यावर अंगठा टेकायला एक लहानसा खळगा होता. खंडेरावांनी आपला अंगठा त्यात ठेवून बघितला. तो मोठा होता, बसला नाही.

"हा तिचा अंगठा हाय," ते म्हणाले. शिक्षिकेनं कान त्यांच्याकडेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार आला. खंडेरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो वरच्या पितळी पाटीवर घातला. स्वतःच्या नावावर.

ठमाबाई ओरडतच बाहेर आल्या. जित्या माणसाच्या नावाला कुणी हार घालतं का, डोकं फिरलंय का.

"मला समदी वळखत्यात," खंडेराव म्हणाले. "माझं नाव झाकलं तरी पत्ता सापडंल."

तेव्हापासून तसंच आहे. मी उघडी आहे. ऊन लागतं, अक्षरं स्वच्छ दिसतात, गल्लीतली पोरंसुद्धा आता हे सुवर्णाताईंचं घर म्हणतात. महिन्यातून एखाद्या वेळी माझं वाचून कुणीतरी बेल वाजवतं. आतून खंडेराव येतात, दार उघडतात आणि तेच ते सांगतात. भट्टीवर जुन्या चादरी आहेत. वेदिका कॉलेजात आहे. सुट्टीत कधीतरी चादरी उचलते, बघते, परत घालते. मी तिला घाई करणार नाही. तिच्या आईला पुष्कळांनी थांबवलं, हिला कुणी ढकलू नये.

ज्यांच्या घरात मागच्या व्हरांड्यात, गॅलरीत, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी काही घडवत बसलंय, त्यांना मी एवढंच सांगते. त्यांची पाटी आज लावा. रंग नंतर द्या. मला भिंत मिळाली, पण माझ्यावर लिहिलेलं आता खरं राहिलं नाही. बेल वाजते, आणि हात धुऊन पुसत येणारी ती पावलं काही येत नाहीत.