मोकळी सम

गॅरेथची ईमेल आली तेव्हा पुरुषोत्तम देवस्थळी डाळीला फोडणी घालत होते. गॅस बंद करून, हात पुसून त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि डाळ तशीच राहून गेली.

गॅरेथ त्यांच्या हौशी संगीतमंडळाचा म्होरक्या. ईमेल मोठी प्रेमळ होती. "डॉक, ट्यून फार गोड आहे. फक्त तुमचा 'वन' चुकलाय. पहिल्या बीटवर किकचा ठोकाच नाही, तिथे नुसतं भोक आहे. मी दुरुस्त करून सोबत जोडलंय. चालत असेल तर अल्बममध्ये हीच घेऊ. रविवारी दुपारी भेटतोच आहोत, तेव्हा सांगा."

पुरुषोत्तमांनी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात सगळी नोकरी भूल देण्यात घालवली होती. मुळात बुजरा माणूस. समोरचा झोपी गेला की त्यांना सुटल्यासारखं व्हायचं. निवृत्तीनंतर तीही सोय संपली. मग एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तिथे, त्यांना हातात मावणारं जुनं, करडं, गेम खेळायचं यंत्र मिळालं, आणि अशा यंत्रावर लोक चक्क संगीत करतात असं वाचून त्यांनी त्यात घालायची, संगीत जुळवायची कार्ट्रिजही मागवली. यंत्राला आवाज चारच. दोन किरटे, एक खर्जातला आणि चौथा म्हणजे निव्वळ खरखर. पुरुषोत्तमांनी खर्जातल्या आवाजाला घसरवून त्याचा डग्गा केला, खरखर बारीक कापून तिची चाट केली, आणि उरलेल्या दोघांना सुरावट दिली. मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग. यंत्र विजेवर लावलं की मागे गुणगुण यायची, म्हणून ते बॅटरीवर चालवायचे आणि त्या वेळी फ्रिजही बंद ठेवायचे. फ्रिजचा काही संबंध नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी बंद ठेवायचे.

ताल त्यांनी रूपक घेतला होता. यंत्राच्या पडद्यावर ओळी सोळा, आणि रूपकाच्या मात्रा सात. एकेका मात्रेला दोन ओळी दिल्या, चौदाव्या ओळीनंतर उडी मारून परत वर. इतकं जमायलाच अर्धा हिवाळा गेला. पण रूपकाची खरी गंमत मात्रांत नाही. बाकीचे ताल समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दणकून येतात; रूपकाची सम मोकळी असते. तिथे डग्गा गप्प बसतो. ज्याला माहीत आहे त्याची मान नेमकी तिथे हलते आणि ज्याला माहीत नाही त्याला तिथे भोक दिसतं.

पुरुषोत्तमांना टाळ्या नको होत्या. टाळ्यांची त्यांना भीतीच वाटे. त्यांना फक्त एक मान हवी होती, समेवर हलणारी.

अशी मान त्यांच्या ओळखीत एकच, बायकोची, नीनाची. तिने लग्नाआधी पुण्यात चांगलं गाणं शिकलेलं. पण नीना लंडनला, एजवेअरला, लेकीकडे, वरदाकडे. जुळी झाली म्हणून दोन महिन्यांसाठी गेली होती. आता ती जुळी चालायला लागली होती.

त्यांनी फोन लावला.

"अहो, जेवलात का?" नीनाने विचारलं. मागे कोणीतरी टाहो फोडत होतं.

"जेवतोय. जरा ऐक ना, एक मिनिट. सम सांग फक्त."

"अजून ते टुईटुई चालूच का? बरं, लावा. नाही रे राजा, तो चमचा आजीला दे..."

त्यांनी फोन स्पीकरपुढे धरला. ट्यून संपल्यावर कानाला लावला.

"काही ऐकूच येत नाहीये हो. मध्येच एकदा टुई झालं आणि गप्प. तुम्ही लावलं होतं ना नक्की?"

फोनला खरखर नको असते, तो ती गाळून टाकतो, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. त्यांचा अख्खा तबला फोनने कचरा म्हणून काढून टाकला होता. मग त्यांनी दोन्ही फाइली पाठवल्या, आपली आणि गॅरेथची, आणि खाली लिहिलं, 'यातली बरोबर कुठली?' संध्याकाळी मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं, 'दोन्ही छान.' पुढे जोडलेले हात.



मग त्यांनी हेडफोन लावून गॅरेथची दुरुस्ती नीट ऐकली. गॅरेथने सुरावट तीन मात्रा पुढे सरकवून जिथे डग्गा दणकतो तिथे आणून बसवली होती, आणि वर एक जाडजूड ठोका दिला होता. ऐकायला वाईट नव्हतं. किंबहुना बरंच होतं. पाय आपोआप हलत होता. आपण कोण मोठे लागून गेलो, पुरुषोत्तमांना वाटलं. तबला शिकलो तो चार वर्षं, तोही शाळेत. ज्याची सम कुणालाच सापडत नाही त्याने ती धरून काय करायचं? 'तुमचीच घ्या', एवढं सांगायचं, की सगळे सुखात.

रविवारी बसमध्ये त्यांनी ते वाक्य मनात तीनचार वेळा घोटलं.

पबच्या वरच्या खोलीत मंडळाची पंधरावीस माणसं होती. काळे टी-शर्ट, दाढ्या, कोपऱ्यात विणकाम करत बसलेली एक मुलगी. गॅरेथने स्वतः त्यांची वायर जोडून दिली. "टेबल तुमचं, डॉक."

यंत्रात दोन्ही ट्यून होत्या. पण बोटाला सवयीची वाट ठाऊक होती. पुरुषोत्तमांनी ठरवायच्या आत त्यांची स्वतःचीच सुरू झाली.

खोलीतल्या माना हलू लागल्या. छान, मोकळेपणी हलत होत्या, आणि सगळ्या चौथ्या मात्रेवर, डग्ग्याबरोबर. वीस माना एका बाजूला. पुरुषोत्तमांना आपण कुणा दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखं वाटलं. त्यांनी नजर यंत्रावर खिळवली. सम आली आणि त्यांची मान हलली. पुन्हा आली, पुन्हा हलली. ते थांबवणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

ट्यून संपल्यावर वायर काढायला गॅरेथ आला.

"डॉक, तुमची मान भलतीकडेच हलत होती. माहीतेय?"

"हो."

"भोकावर हलत होती."

"तिथेच वन आहे."

"पण तिथे काहीच नाहीये!"

"काहीच नाहीये," पुरुषोत्तम म्हणाले. "ठोकून सांगायची नसते ती. धरायची असते."

गॅरेथने दाढी खाजवली. "पुन्हा लावा बरं." एक हेडफोन त्याने आपल्या कानाला लावला आणि डोळे मिटले. मान हलली, चुकली. पुन्हा चुकली. "थांबा, थांबा, सांगू नका..." तिसऱ्यांदा भोकाच्या बरोब्बर मधोमध त्याची मान खाली गेली. त्याने डोळे उघडले. "शिडीची एक पायरी नसावी तसं वाटलं!" पुढच्याच आवर्तनात त्याचं पुन्हा चुकलं आणि तो स्वतःशीच हसला. "छे, गेली. असो. मग कुठली घेऊ? खरं सांगतो, तुमची घेतली तर लोकांना चूकच वाटणार. मला ईमेल करतील."

घोटलेलं वाक्य पुरुषोत्तमांच्या तोंडाशी आलं होतं.

"वाटू दे," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला म्हणून त्यांनी परत म्हटलं, "वाटू दे. माझीच घ्या."

"ओके, डॉक." गॅरेथने त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि तो पुढच्या वायरींकडे वळला.

विणकाम बाजूला ठेवून ती मुलगी आता टेबलाशी आली. पुरुषोत्तम मागच्या खुर्चीवर जाऊन बसले, यंत्र मांडीवर घेऊन. तिची ट्यून साधी चार मात्रांची होती, पहिल्यावर दणदणीत ठोका. सगळ्यांच्या माना हलल्या, त्यांच्यात पुरुषोत्तमांचीही हलली. सोपं होतं, आणि बरंही वाटत होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती; तिच्यावर त्यांनी कोट ठेवला, कुणासाठी जागा धरावी तसा.