मिठाची बादली

आमची जैन पाठशाळा रविवारी दुपारी चारला भरते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि भिंतीला फळा टेकवायचा, एवढीच तयारी. मे महिन्यातल्या एका रविवारी ऐश्वर्या मगदूम तिथं निरोप घ्यायला आली. ती ह्याच सतरंजीवर शिकून मोठी झालेली. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या रोबोट प्रयोगशाळेत उन्हाळाभर काम करायला तिची निवड झाली होती.

त्या दिवशी मी मुलांना इंद्रियं शिकवत होतो. झाडाला एकच इंद्रिय, स्पर्शाचं. शंख, गांडूळ, गोगलगाय यांना दोन, स्पर्श आणि चव. मुंगीला तिसरं, वासाचं. माशीला डोळेही असतात. आपल्याला पाच. मुलं बोटांवर मोजत म्हणत होती, तेवढ्यात वृषभनं विचारलं, "गुरुजी, रोबोट किती इंद्रियांचा?"

मी ऐश्वर्याकडं बोट केलं.

"कॅमेरा लावला तर त्याला दिसतं," ती म्हणाली. "बोटात सेन्सर बसवला तर स्पर्श कळतो. पण त्याला दुखत न्हाय."

"म्हणजे जीव न्हाय त्यो."

"न्हाय."

"मग त्यानं कुणाला मारलं तर पाप कुणाला, अक्का?"

सगळे हसले, ऐश्वर्याही हसली. मी म्हणालो, "प्रश्न चांगला आहे. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव." वृषभनं लिहिला, आणि तो कोपरा आम्ही पुसला नाही.

पोचल्यावर पहिल्याच रविवारी तिनं फोन लावला. मी तो फळ्याला टेकवून उभा केला. सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही, त्यामुळं मुलांना आधी एकच काळजी होती, ही जेवते कधी?

"हितं रात्री दहाला सूर्य मावळतोय," ती म्हणाली. "दिवसाउजेडी दोनदा जेवून होतंय. हवा खाऊन ऱ्हात न्हाय."

मग तिनं काम सांगितलं. तिथं सॅलडच्या पानांची मोठी शेती असते. ओल्या हवेत त्यावर गोगलगायी पडतात, बिनशंखाच्या, बोटाएवढ्या. औषध मारायचं नाही म्हणून प्रयोगशाळेनं सरीतून चालणारा रोबोट बनवला होता. तो गोगलगाय शोधतो, चिमट्यात धरतो आणि मारायच्या डब्यात टाकतो. पण अंगच्या चिकट्यामुळं ती चिमट्यातून निसटते. तो चिमटा सुधारायचं काम ऐश्वर्याकडं आलं होतं.

"मी न्हाय म्हणालो," तिनं सांगितलं. कोल्हापूरच्या आमच्या मुली असंच बोलतात, परदेशातही तिचं ते सुटलं नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक हानेके मॅडम समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "तू कुठं मारतेस? मारणार रोबोट."

हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांपुढं गावाकडचं, नेसरीचं शेत आलं. तिचे वडील बाळासो मगदूम तिथं सोयाबीन करतात. पावसाळ्यात कोवळ्या रोपांवर शंखातल्या गोगलगायी चढतात. जैनाच्या घरात त्या मारायच्या कशा? म्हणून बाळासो अंबूबाईला कामाला बोलवायचे. अंबूबाई गोगलगायी वेचायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. बाळासो बांधावर पाठ करून उभे राहायचे, मिठाची पुडीही तिलाच फोडायला लावायचे. लहानपणी ऐश्वर्यानं विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "आपला हात लागत न्हाय न्हवं?"

"गुरुजी, रोबोट म्हंजे आमची अंबूबाई की," ती म्हणाली. "मी मॅडमना सांगितलं. गोगलगायीला इजा न करता उचलणारा हात मी करतो. चिमटा करणार न्हाय."

मॅडमनी मुदत दिली. जुलैत शेतकऱ्यासमोर चाचणी होती. त्या चाचणीत चिमटा आणि तिचा हात, दोन्ही चालवायचं ठरलं. ऐश्वर्याचा हात जमला नाही तर चिमटाच कायम होणार आणि उरलेला उन्हाळा ती रोबोटला गोगलगाय ओळखता यावी म्हणून फोटोंवर खुणा करत बसणार.

"जमंल का गं?" मी विचारलं.

"जमवायचंच हाय."

पुढचे काही रविवार ती मोडलेले हात दाखवत होती. रबराची मऊ बोटं निसटली. हवेनं ओढून घेणारी नळी केली, तर तिनं गोगलगायीची कातडी ओढली, ती ऐश्वर्यानं स्वतःच मोडून टाकली. मुलांना ह्या मोडक्या हातांची फार मजा वाटायची. "अक्का, आज कुठला मोडला?" असं विचारूनच पाठशाळा सुरू व्हायची.

एका रविवारी ती फोनवर थांबली होती आणि मी मुलांकडून पाठ म्हणवून घेत होतो. वृषभ म्हणाला, "गोगलगाय, दोन इंद्रियं, स्पर्श आणि चव."

"परत म्हण," फोनमधून आवाज आला.

त्यानं परत म्हटलं.

"आम्ही तिला धरतोय कशाला?" ऐश्वर्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तिला गार लागलं, चव लागली, की तीच चढंल की."

आणि फोन बंद झाला.

पुढच्या वेळी तिनं नवा हात दाखवला. उलथन्यासारखा चपटा, वर ओला जाड कपडा, कपड्याला काकडीचा रस. तो गोगलगायीपुढं जमिनीला टेकवून ठेवायचा. ती आपण होऊन वर सरकते, खालच्या सेन्सरला वजन कळतं, मग सावकाश उचलायचं.

"पण मॅडम म्हणतात गोगलगायीला वास येतोय, उजेडपण कळतोय," ती जरा चाचरत म्हणाली. "आपल्या पाठात दोनच हायत."

मुलं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "शास्त्रानं दोन सांगितली आणि तेवढ्यावर जपायला सांगितलं. तुला तिथं चार दिसली, तर जपायला आणखी कारण मिळालं. लिहा रे, दोन अधिक दोन."

खरी अडचण वेळेची होती. चिमटा झटक्यात धरतो, हा हात मात्र गोगलगायीची वाट बघत बसतो. त्यावर तोडगा तिला पंगतीनं दिला. पंगतीत वाढपी एकेका पानापाशी जेवण उरकेपर्यंत थांबत नाही, आधी सगळी पानं मांडून होतात. तिनं तसंच केलं. रोबोट ओल्या कपड्याची पानं सरीभर मांडत जायचा आणि परत येताना चढलेल्या गोगलगायींसकट उचलत यायचा. तिथल्या मुलांना पंगत म्हणजे काय हे सांगायला तिला जमिनीवर मांडी घालून बसून दाखवावं लागलं.

चाचणी एका पावसाळी सकाळी झाली. त्या आठवड्याच्या रविवारी तिनं सगळं सांगितलं. मुलं फळ्यासमोर दाटीवाटीनं बसली होती.

"चिमट्यानं जास्त धरल्या," तिनं सुरुवातच तशी केली. "आमच्या हातानं कमी. पण चिमट्यानं सॅलडची पानं फाडली, आणि चिकटा साचला की थांबून पुसावा लागत हुता. आमच्या हातानं एक पान फाडलं न्हाय."

"मग जिंकलीस?" वृषभनं विचारलं.

"थांब की जरा. शेतकरी म्हणाला, ह्या जिवंत गोगलगायींचं मी करू काय? सोडल्या की परत येत्यात."

"तू काय म्हणालीस?"

"उचलायचा विचार केलता, ठेवायचा केलाच नव्हता. मग मला आपला पांजरपोळ आठवला."

तिनं त्या शेतकऱ्याला सांगितलं, आमच्या गावात म्हाताऱ्या गाईंसाठी जागा असते, तिथं त्यांना कुणी दूध मागत नाही. शेतकरी म्हणाला, गोगलगायींसाठी? आणि पोट धरून हसला. हसता हसता त्यानंच शेताच्या टोकाचा सडक्या पाल्याचा ढीग दाखवला. गोगलगायी पाला खातील, खत होईल. ढिगाभोवती कोरड्या भुश्शाचा पट्टा राखला तर बहुतेक बाहेर येणार नाहीत.

"शेवटी एक वाफा मिळाला," ती म्हणाली. "बाकी शेताला चिमटाच. पण त्या वाफ्यात पुढच्या हंगामापर्यंत माझा हात चालणार. मॅडमनी रोबोटवर बसवला."

"एकच वाफा?" वृषभचं तोंड उतरलं.

"एकच. तिथं आधी एकपण नव्हता."

ऑगस्टच्या सुरुवातीला ती परत आली. गोगलगाय मुलांना प्रत्यक्ष दाखवायची म्हणून आम्ही सगळे नेसरीला गेलो. पावसानं उघडीप दिली होती. अंबूबाई बादली घेऊन बांधावर हजरच होती.

"मीठ कुठाय गं, पोरी?"

"आज मीठ नको, अंबूबाई."

"मग काय मांडीवर घिऊन बसतीस व्हय त्यास्नी?" बाळासो लांबून म्हणाले.

ऐश्वर्यानं भिजवलेली गोणपाटं सरीच्या कडेनं पंगतीसारखी मांडली, त्यावर पपईच्या साली टाकल्या. "अण्णा, रातभर राहू द्या. सकाळी उचला आणि त्या लांबच्या उकिरड्यात टाका. भोवती राखेचा पट्टा मारा."

"आनि परत आल्या तर?"

"परत उचलायच्या. पावसानं राख भिजली की परत टाकायची."

"कोन उचलनार?"

"तुम्ही."

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली. बाळासो चिडले नाहीत, पण लेकीला सोडलंही नाही. "आनि उसावर औषध फवारतो ते? त्याचं काय म्हनतीस, ऐशू?"

"त्याचा हात अजून मला जमला न्हाय," ती म्हणाली. "जमला की सांगतो."

आता वृषभला फळ्याचा कोपरा आठवला. "अक्का, रोबोटनं मारलं तर पाप कुणाला, ते ऱ्हायलंच की."

"अण्णांना इचार," ती म्हणाली. "त्यांच्याकडं आधीपासून रोबोट हाय."

अंबूबाईला ते कळलं नाही. बाळासोंना कळलं. ते बांधावरून खाली उतरले आणि चिखलात उकिडवे बसले. रोपावर एक गोगलगाय होती, ती त्यांनी दोन बोटांत धरून तळहातावर घेतली. तिनं अंग आत ओढलं. पोरं भोवती गोळा झाली. जरा वेळानं तिनं एक शिंग बाहेर काढलं, मग दुसरं, आणि तळहातावरून ती सरकायला लागली.

"गार लागतीया," बाळासो म्हणाले. मग मान वर न करता त्यांनी हाक दिली, "अंबू, ती बादली धुऊन आन."

हात साबणानं धुवायला विसरू नका, असं मी पोरांना सांगत होतो, पण ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. सगळी सरीत उतरली होती.