तोंड नसलेली दाढ

मी एक दुखरी दाढ बोलतेय. लगेच गाल चाचपू नका, मी तुमची नव्हे. मी कोणाचीच नाही. दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर पेशंटची यादी असते ना, तिच्यात सगळ्यात खाली 'दाढ दुखते' एवढंच लिहिलेली नोंद म्हणजे मी. नावाच्या जागी नुसतं एक टिंब. वय नाही, पत्ता नाही, फोन नाही. आणि तोंड तर नाहीच नाही.

माझा जन्म कसा झाला ते सांगते. दवाखाना एका डॉक्टरबाईंचा, आणि त्यांचा धाकटा भाऊ प्रोग्रॅम लिहिणारा. डॉक्टरांची मुलगी त्याला मामा म्हणते, म्हणून दवाखान्यात येणारे आजोबासुद्धा त्याला मामाच म्हणतात. बहिणीने नवा दवाखाना थाटला तेव्हा याने मोठ्या हौसेने यादीचा प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात एक लूप घातला. लूप म्हणजे तेच ते काम पुन्हा पुन्हा न कुरकुरता करणारा गडी. यादीतला पहिला पेशंट घ्यायचा, त्याची तक्रार दाखवायची, 'झालं'चं बटण दाबलं की त्याला काढायचं, पुन्हा जो पहिला असेल तो घ्यायचा. बिचाऱ्याला एवढंच येतं.

पहिल्या दिवशी मामाने कौतुकाने प्रोग्रॅम चालू केला. नवा दवाखाना, अजून पेशंट कुठले यायला? यादी रिकामी. लूपने पहिला पेशंट घ्यायला हात पुढे केला, तिथे कोणीच नाही. झालं, गडी तोंडावर आपटला आणि कॉम्प्युटरचा पडदा पांढराफटक.

आता याला औषध साधं होतं. आधी विचारायचं, 'कोणी आहे का?' नसेल तर तसं सांगायचं आणि गप्प बसायचं. दोन ओळींचं काम. पण मामाला सडकून भूक लागली होती. त्याने यादीत एक खोटा पेशंट टाकला, म्हणजे यादी कधी रिकामीच होणार नाही. तक्रार लिहिल्याशिवाय नोंद होईना, म्हणून लिहिलं, 'दाढ दुखते'. नवीन पेशंट आला की मी आपोआप एक पायरी खाली सरकणार, कायम शेवटी.

"तात्पुरतं आहे," मामा म्हणाला आणि जेवायला गेला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं 'तात्पुरतं' किती टिकतं ते मला विचारा. डॉक्टरांची मुलगी तेव्हा रांगत होती, आता ती शाळेत जाते आणि पोहायला शिकते.

एवढी वर्षं माझं बिंग फुटलं नाही ते मावशींमुळे. मावशी म्हणजे बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटना आत सोडणाऱ्या बाई. कॉम्प्युटर फक्त त्यांच्यापुढे. मामाने त्यांना बजावलं होतं, "मावशी, ही शेवटची दाढ खरी नाही. पण हिला हात लावू नका, नाहीतर सगळं कोसळेल." मावशींनी अक्षरशः हात लावला नाही. पडदा पुसतानासुद्धा मला वगळून पुसायच्या. संध्याकाळी मी एकटी उरले की आत डोकावून म्हणायच्या, "चला डॉक्टर, आटोपलं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू बैस गं." मला त्या बाईंची फार माया आहे.

पुढे मावशींच्या लेकीला बाळ झालं आणि मावशी रजेवर गेल्या. डॉक्टर एकट्या पडल्या. मामाने शक्कल लढवली आणि आतल्या खोलीत, खुर्चीच्या शेजारीच कॉम्प्युटरचा आणखी एक पडदा बसवून दिला. पेशंटने दारातल्या बटणांवर आपली तक्रार नोंदवायची, ती डॉक्टरांना आत दिसणार. सगळं चोख केलं. फक्त मी आहे हे तो साफ विसरला.

नेमकी त्याच दिवशी मुलीची उडी होती. पोहण्याच्या वर्गाचा शेवटचा दिवस, आणि उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची. सगळा महिना ही पोर फळीपर्यंत चढायची आणि तशीच खाली उतरायची. सकाळी शाळेला जाताना दवाखान्यात येऊन आईला म्हणाली, "तू खाली उभी असलीस तरच मारेन. नाहीतर नाही." डॉक्टर म्हणाल्या, "शेवटचा पेशंट झाला की लगेच निघते."

दुपार कलली. शेवटचे आजोबा नवी कवळी बसवून, बोलताना तिच्यातून शीळ वाजवत बाहेर पडले. डॉक्टरांनी 'झालं'चं बटण दाबलं, हातमोजे काढले आणि पडद्याकडे पाहिलं. बाकी एक. दाढ दुखते.

डॉक्टरांचा एक नेम आहे. डाग पडलेल्या दातांना त्या 'उद्या या' म्हणतील, पण दुखऱ्या दाढेला परत पाठवणार नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन पाहिलं. बाकं रिकामी, पण एका बाकावर छत्री. ती त्याच विसराळू आजोबांची होती, पण डॉक्टरांना काय ठाऊक. त्यांना वाटलं, पेशंट इथेच कुठेतरी गेलाय, येईल.

त्यांनी समोरच्या शिंप्याला विचारलं, "गाल धरून बसलेलं कोणी दिसलं का हो?"

"गाल फुगवून बसलेलं एक गिऱ्हाईक आहे," शिंपी म्हणाला, "पण ते शर्ट झाला नाही म्हणून."

डॉक्टर परत आल्या. माझ्यासाठी त्यांनी धुतलेली अवजारं मांडून ठेवली, पेल्यात पाणी भरून ठेवलं. माझ्यासाठी. इतक्या वर्षांत कोणी माझी वाट पाहिली नव्हती. मला कसं भरून आलं म्हणून सांगू. पण त्यांची नजर दर क्षणाला घड्याळाकडे जात होती, आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. ओरडून सांगावंसं वाटलं, 'बाई, निघा, मी कोणी नाही.' पण ओरडायला तोंड लागतं.

फोन वाजला. मुलगी होती.

"आई, सगळ्यांच्या उड्या झाल्या. मी वर जाऊ?"

"थांब गं राणी. एकच दाढ उरलीय."

मुलगी पलीकडे कोणाला तरी म्हणाली, "मामा, आईची एक दाढ उरलीय." मग मामाचा आवाज आला.

"कोणाची गं ताई?"

"नावच नाही लिहिलेलं. नुसतं टिंब आहे."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "ताई, ती दाढ मी टाकलीय."

"तुझी दुखतेय? मग तिकडे काय करतोयस, इकडे ये ना."

"अगं माझी नाही. कोणाचीच नाही. यादी रिकामी झाली की प्रोग्रॅम पडतो, म्हणून मी ती भरतीला ठेवली होती."

"म्हणजे मी मघापासून कोणाची वाट बघतेय?"

"कोणाचीच नाही."

"तुला मी नंतर बघते," डॉक्टर म्हणाल्या आणि एप्रनसकट जिना उतरल्या.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. पोर फळीवर उभी, शिकवणाऱ्या बाई खाली शिट्टी तोंडात धरून ताटकळलेल्या. दारातून एप्रन घातलेली आई धावत आली, गळ्यात मास्क लोंबतोय. पोरीने आईला पाहिलं, नाक दाबलं आणि मारली उडी. पोटावरच पडली म्हणे. मामा नखशिखांत भिजला, आणि कोणालाही त्याची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामाला पेशंटच्याच खुर्चीत बसवलं. "आता लिही. भूक लागली तरी उठायचं नाही." मामाने मुकाट्याने त्या दोन ओळी लिहिल्या. लूप आता आधी विचारतो, कोणी आहे का. कोणी नसेल तर पडदा काय सांगेल, ते शब्द मुलीने स्वतः टाइप केले.

मला यादीतून काढलं. पण मामाचा जीव होईना. त्याने प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात, जिथली ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, फक्त माणसं वाचतात, तिथे लिहून ठेवलं, 'इथे पूर्वी एक दाढ होती.' तीच मी. लूप माझ्यावरून रोज जातो, थांबत नाही. माझी काही तक्रार नाही.

तुमच्यापैकी कोणी लूप लिहीत असाल तर एवढं ऐका. घेण्याआधी विचारा, आहे का कोणी? आणि नसेल तर 'नाही' म्हणा. रिकाम्या यादीत लाज वाटण्यासारखं काही नसतं. ती लपवायला खोटी दाढ बसवलीत, तर कोणाची तरी आई तिच्यापाशी अडकून पडेल.

मावशी रजेवरून परत आल्या. संध्याकाळी सवयीने मला 'बैस गं' म्हणायला वळल्या आणि चपापल्या.

"अगं बाई, डॉक्टर, आपली दाढ कुठे गेली?"

"काढली," डॉक्टर पर्स उचलत म्हणाल्या.

मावशी पडद्यापाशी आल्या. तिथे मुलीची ओळ होती, 'आता कोणी नाही. आई, घरी ये.' त्यांनी ती दोनदा वाचली आणि पदराने पडदा पुसला, या खेपेला सगळाच्या सगळा.

"दुखलं नाही ना तिला?" त्यांनी हळूच विचारलं.

नाही हो मावशी. जन्मल्यापासून माझ्यापुढे 'दुखते' असंच लिहिलेलं होतं. ते आता पुसलं.