गावची रद्दी

अंगठ्याएवढा कागदाचा तुकडा आंब्याच्या देठाशी चिकात चिकटून बसला होता आणि त्यावर दोन-तीन अक्षरं होती — गोल, वळणदार, कानडी. सुरुचीने नखाने खरवडलं. निघेना. तिने तो आंबा तसाच खालच्या थरात दडपला. शटर अर्धंच वर होतं, खालून लालबागच्या फुटपाथवरची पावलं तेवढी दिसत होती, आणि आत तिचं रोजचं काम चाललं होतं : कर्नाटकातून आलेल्या क्रेटमधले आंबे काढायचे, त्यांच्याखालचे कानडी पेपर काळ्या पिशवीत कोंबायचे, आणि ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत कणकवलीचा जुना मराठी पेपर अंथरून तेच आंबे मांडायचे. ही रद्दी तिच्या नवऱ्याचा, अभयचा, मावसभाऊ एसटीच्या पार्सलने पाठवतो. बाग विकल्यापासून गावाहून एवढंच येतं.

आणि या घरात याला नाव नाही, सुरुचीच्या मनात आलं. लबाडी म्हणत नाहीत, धंदासुद्धा म्हणत नाहीत... अभय विचारतो, ‘पेपर बदलून झाले का?’ — जसं कुणी बाळाचं दुपटं बदललं का विचारावं. मंडळाच्या स्टेजवर माइक हातात आला की हा माणूस सोडत नाही, आणि घरात एक खरं वाक्य बोलायची छाती नाही. परवा जेवताना मी सरळ म्हटलं, ‘अभय, आपण लोकांना फसवतोय.’ त्याने आमटीची वाटी पुढे केली. ‘हळू बोल. बाबा ऐकतील.’

बाबा... ते कसले ऐकतायत. सासरे शामराव गल्ल्यामागच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसतात आणि येईल त्याला सांगतात, ‘आमच्या बागेतलो आंबो. नाकाक लावन बघा.’ गिरणी बंद पडल्यावर ज्यांनी डोक्यावरून पेट्या वाहून हे दुकान उभं केलं, त्यांना साल हाताला लागताच कळत नसेल? यंदा देवापुढे ठेवलेला पहिला आंबा — तोही क्रेटमधलाच — त्यांनी डोळे मिटून चोखला आणि म्हणाले, ‘मातयेची चव ती.’ सुरुचीला त्यांची किळस आली. सासऱ्यांची येऊ नये, आली.

गिऱ्हाइकांचं तर बोलायलाच नको. टॉवरमधून उतरतात, आंबा नाकाशी धरतात, जाणकारासारखी मान हलवतात... यांना बटाटा हुंगायला दिला तरी कोकण आठवेल. खरं सांगायचं तर त्यांना फसताना पाहण्यात तिला गुपचूप मजा यायची, आणि त्या मजेवरच सीझन निघायचा — सगळे आंधळे, नाहीतर मुके, आणि मधे डोळस मी एकटी.

पण आता पुरे. आज अनुजाताई यायच्या होत्या. त्यांची आई शामरावांच्या डोक्यावरच्या पेटीतून आंबे घ्यायची, तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. आज त्यांना सांगायचं, या दोघांसमोर. लालबागभर नाव जाईल, दुकान बसेल... बसू दे. निदान या दोघांची तोंडं कशी होतात ते तरी दिसेल.

अनुजाताई आल्या. सकाळी सुरुचीने भरलेली तीच पेटी अभयने पुढे ओढली, शामरावांनी ‘आमच्या बागेतलो’ सुरू केलं, आणि सुरुची म्हणाली, ‘ताई, हा देवगडचा नाही. कर्नाटकचा आहे.’

अभयचा हात पेटीवर तसाच राहिला. शामरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

अनुजाताई हसल्या. ‘अगं, ठाऊकाय मला. या भावात देवगड मिळतो होय? लेकीच्या सासरी द्यायचीय, त्यांना तरी कुठे कळतंय. फक्त पेपर नीट बघून घाल हं. गेल्या वर्षी तळाला कानडी निघाला, विहीणबाईंसमोर इतकी पंचाईत झाली माझी.’

‘सुरुची, बघ जरा,’ अभय म्हणाला. नेहमीच्याच आवाजात.

शामराव चष्मा पुसतच होते. कुणाचंही तोंड कसंही झालं नव्हतं. म्हणजे यांनाही ठाऊक होतं... आणि त्यांच्या आईलाही शेवटी शेवटी... आणि विहीणबाईंनाही, कोण जाणे. मग इतके दिवस मी हसत कुणाला होते?

तिचे कान तापले. हा संताप असणार, तिने स्वतःला बजावलं; या बेशरम बाईचा, या दोन शेळपटांचा. पण तो संताप नव्हता. गेल्या वर्षी तळाला कानडी निघाला... कसा निघाला? प्रत्येक पेटीचा तळ मी स्वतः चाचपते. माझ्या हातून राहिलाच कसा?

खालच्या थरातला तो आंबा तिला आठवला. घाईघाईने तिने वरचे आंबे बाजूला केले, तो शोधून काढला, पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि सगळ्यांकडे पाठ करून देठाशी घासू लागली. एक अक्षर गेलं. दुसरं अजून दिसत होतं, आणि ते कुणाच्या नजरेला पडेल या भीतीने तिने पदराचं टोक पुन्हा ओलं केलं.