काकासाहेबांची वीजबचत

काकासाहेबांच्या गच्चीवरची टाकी गल्लीत सगळ्यात मोठी. ती दाखवल्याशिवाय ते पाहुण्याला चहासुद्धा विचारत नसत. पिशोरला मळा, गुलमंडीमागं घर आणि आता लेकीला जालन्याचं तालेवार स्थळ. मुलगी पसंत पडली तेव्हा हे भावी व्याह्यांना म्हणाले होते, "शहरात पाण्याचे हाल असतील दुसऱ्यांचे. आमच्याकडं खुशाल नळाखाली बसून आंघोळ करा." व्याह्यांनी शब्द धरून ठेवला. बोलणी पक्की करायला ते नेमके पाण्याच्या दिवशीच, सकाळच्या गाडीनं येणार होते.

आणि टाकी कोरडी ठणठणीत.

कारण समोरचा कापडवाला बद्रीनाथ. त्यानं काकासाहेबांपेक्षा मोठी मोटर आणली होती. गल्लीची रीतच तशी. नळ बऱ्याच दिवसांआड येतो, म्हणून प्रत्येकानं नळालाच मोटर जोडायची. एकानं लहान जोडली की दुसऱ्यानं थोरली. पाणी यायच्या कितीतरी आधीपासून साऱ्या मोटरी घरघरत. पाणी होतं तेवढंच राही, हवा मात्र मुबलक ओढली जाई. मग बिल आलं की सगळे मिळून सरकारच्या नावानं बोटं मोडत.

काकासाहेबांनी गल्लीची बैठक बोलावली.

"कोरडी मोटर वीज खाते आणि नुसती तापते," ते म्हणाले. "एकमेकांचं पाणी पळवायला आपण वीज जाळतो! साऱ्या मोटरी बंद राहिल्या तर पाणी आपल्या पायानं प्रत्येकाच्या नळाला येईल. म्हणून पाण्याच्या वेळेला गल्लीची वीजच बंद ठेवायची. सांडू लाइनमनशी मी बोललोय."

"काका, तुमच्या तोंडी बचत?" बद्रीनाथ म्हणाला. "तबियत ठीक आहे ना?"

"कधी देशाचाही विचार करावा, शेठ."

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मनकर्णाबाईंकडं मोटरच नव्हती. त्या म्हणाल्या, "माझ्या नळानं पाणी बघून जमाना झाला. करा बाबांनो, लई पुण्य लागंल."

काकासाहेब बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांचा स्वतःचा तेवढा त्यावर विश्वास नव्हता. विश्वास होता तो कॉटखाली चादरीत गुंडाळून ठेवलेल्या नव्या इन्व्हर्टरवर. गल्लीच्या मोटरी मुक्या आणि आपली एकट्याची चालू!

ठरल्या दिवशी सांडूनं फ्यूज काढला. घरघर थांबली. जरा वेळानं घराघरातून धारेचा आवाज यायला लागला. काकासाहेबांनी बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली आणि गप्प झाली. इन्व्हर्टर मात्र टीं टीं ओरडायला लागला.

"आवो, पंखा चालवायचं डबडं ते," त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. "मोटर कुठून ओढंल?"

"मग खालचा नळ सोड!"

"कोणता खालचा? तुमीच काढून टाकला नाय का? म्हणले, थेंबभर खाली सांडाया नको, सगळं पाणी थेट मोटरीतून टाकीत."

साऱ्या गल्लीत पाणी होतं. नव्हतं ते फक्त काकासाहेबांकडं.

तेवढ्यात आभार मानायला दारात गल्ली जमली. बद्रीनाथनं स्वतः काकासाहेबांना हार घातला. मागून टीं टीं चालूच होतं.

"काका, आत काय वाजतंय?"

"टाकी भरल्याची घंटी."

"भरली व्हय?" मनकर्णाबाई भरला हंडा घेऊन आल्या होत्या. "मला वाटलं, तुमच्याकडं खाली नळ नाय, तुमालाच मिळालं नसंल. मंग नेते वापस."

काकासाहेबांनी हंड्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "आणखी दोन-चार मिळतील का?"

रिक्षातून व्याही उतरले तेव्हा गळ्यात झेंडूचा हार आणि खांद्यावर हंडा अशा थाटात काकासाहेब मनकर्णाबाईंच्या दारातून येत होते.

"हे काय, पाटील?" व्याही थबकले.

"वीज वाचवतात," बद्रीनाथ ओट्यावरून म्हणाला. "मोटरीला हात लावत नाहीत. आख्ख्या गल्लीला वळण लावलं त्यांनी."

व्याह्यांनी काकासाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "द्या, दुसरा हंडा मी घेतो. असल्या साध्या माणसाशीच सोयरीक करावी. पण आंघोळ नळाखालीच ना?"

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "मनकर्णाबाईंच्या."