माझ्या पोटातून काढलेला कोट

मी बॅग बोलतेय. निळी, म्हातारी, एका चाकाने लंगडी. शाळेत काही गेले नाही, पण माणसं वाचता येतात. खोड्याही येतात. घाईत असलेल्याचा एक मोजा मी कोपऱ्यात दडवतेच!

कारखान्यातून निघाले ती थेट लग्नघरात. नवरा-बायकोचे कपडे माझ्यात एकत्र लोळायचे. पुढे दोघांचं बिनसलं. कशावरून, ते आता त्यांनाही आठवत नसेल. बोलणंच बंद. मी गेले माळ्यावर आणि दोघांच्या मधे आली लेक.

"बाबांना म्हणावं, जेवायला या."

"आईला सांग, भूक नाही."

एकाच टेबलावर बसून हो! अकरा वर्षं पोरीने निरोप वाहिले.

यंदा ती एका सत्रासाठी परदेशी निघाली. शिकायचं काय, तर भांडणं का पेटतात आणि शांतता कशी येते. हसून हसून माझी चेन उसवली.

मला भरलं दोघांनी, पण वेगवेगळ्या वेळी. आईने सकाळी जाड कोट तळाशी घातला. दुपारी बाबांनी काढला. वजन नको, पोर अंगावर घालून जाईल, म्हणून खुंटीला लावला. संध्याकाळी आईने पाहिला. "माझं घातलेलं काढलं काय!" म्हणत तिने तो फणकाऱ्याने कपाटात कोंबला. एकमेकांना विचारतील तर शपथ! पोर थंडीच्या गावात उतरली ती पातळ स्वेटरवर.

फोनवर तिने विचारलं, "माझा कोट कुठाय?"

"तुझ्या बाबांना विचार."

"तिलाच विचार की. खुंटीवर नाहीये."

"अगं आई, ते शेजारीच बसलेत ना?" पोरीचा आवाज चिरकला. "आता मी निरोप नेणार नाही. तुम्ही दोघं बोला आणि मिळून कोट पाठवा. तोवर मी दुसरा घेणार नाही."

घरून फोन यायचे थांबले. तीन आठवडे पोर वर्गातून दात वाजवत यायची, पुस्तकं माझ्या अंगावर टाकून पांघरुणात शिरायची. "बोलतील गं," मलाच म्हणायची. मोजे लपवायचं सोडलं मी.

आज कोट आला. एका खोक्यावर आईचं अक्षर, आत तो कपाटातला. दुसऱ्या खोक्यावर बाबांचं अक्षर, आत नवा कोरा. दोन्हींवर शिक्का एकाच दिवसाचा.

पोर रडली नाही. दोन्ही कोट माझ्यात टाकले, मला पलंगाखाली सारलं आणि तशीच वर्गाला गेली.

मायबापांनो, अबोला धरायचा तर धरा, पण मधे लेकरू उभं करू नका. इथे मला दोन कोटांची ऊब आहे, आणि पोर बाहेर कुडकुडतेय.